खुंटीवरची पिशवी

“पंचवीस तारीख म्हंजी पंचवीस तारीख! डॉक्टरीणबाईनं कागदावर लिवून दिलंय.”

“कागदावरच लिवलंय की अत्ते. माझ्या पोटावर न्हाय लिवलं.”

“जिभंला काय हाड हाय का तुझ्या?”

“हाडं समदी जागच्या जागी हायती. रगत तेवढं न्हाय.”

“म्हणूनच सांगाय लागलेय, काढून टाक ती पिशवी! एक लेक झाली, ती बी कालेजात गेली. आता पिशवी ठिवून काय करणार हाईस? बाजाराला न्हेणार?”

“माझी हाय. बाजाराला न्हेईन, न्हायतर खुंटीला टांगीन!”

आणि तव्यावरची भाकरी करपली.

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात सासू-सुनेचं भांडण कुणाला नवं नव्हतं, पण सिद्धेश्वरीची भाकरी करपल्याचा वास नवा होता. समोरच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि आत गेलं. सासू काशम्मा तव्याकडं बघत राहिली. सिद्धेश्वरीनं काळी पडलेली भाकरी उलथन्यानं उचलली, बाजूला टाकली आणि भिंतीला हात धरून उभी राहिली. उभं राहिलं की हल्ली डोळ्यांसमोर आधी काळं यायचं, मग घर दिसायचं.

उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधणारा तिचा नवरा गुरुशांत एवढा वेळ एकच नाडी बांधत होता. तो होटगी जंक्शनला रेल्वेत होता, गाड्यांचे रूळ बदलण्याच्या कामावर. घरात मात्र त्यानं कधी कुणाचा रूळ बदलला नव्हता.

“तू बोल की रे!” काशम्मा म्हणाली.

“मी काय बोलू आव्वा? दोनी बाजूला लाल सिग्नल हाय.”

पण भाकरीच्या वासानं त्यालाही काहीतरी झालं असावं. नाडी सोडून तो उठला. “ती पुण्याच्या दवाखान्यात बघून यायचं म्हणती, तर बघून येऊ. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर पंचवीस तारीख काय गाडी हाय व्हय, सुटून जायाला?”

वीस वर्षांच्या संसारात गुरुशांत एका दमात एवढं बोलल्याचं सिद्धेश्वरीला आठवत नव्हतं.

*

सिद्धेश्वरी मूळची होटगीच्या पलीकडच्या खेड्यातली, महादेवप्पांची थोरली लेक. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा काशम्मा कडक भाकऱ्यांचा धंदा करायची. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत शेकायची, पार खडखडीत होईपर्यंत. मग ती महिना-महिना टिकते. पुण्या-मुंबईला जाणारा सोलापूरकर शेंगाचटणीबरोबर ती बांधून नेतो. नव्या सुनेनं पहिल्या दिवशी थापलेली भाकरी काशम्मानं दोन हातांत उचलून दाराच्या उजेडाकडं धरली आणि म्हणाली, “पलीकडचं कायबी दिसंना.”

“भाकरीतनं काय दिसायचंय?” सिद्धेश्वरीनं विचारलं होतं.

“उजेड.”

वर्षभरात सिद्धेश्वरीच्या भाकरीतून उजेड दिसायला लागला. पुढं काशम्माची मनगटं धरली तेव्हा काटवट सुनेपुढं सरकली आणि ‘काशम्माच्या भाकऱ्या’ हळूहळू ‘सिद्धेश्वरीच्या भाकऱ्या’ झाल्या. दिवसाला दोनशे. बोळातल्या लोकांना सकाळ झाल्याचं कळायचं ते तिच्या थापण्याच्या आवाजानं.

भाकरीबरोबर सासूनं तिला आणखी एक गोष्ट शिकवली. काशम्माचं माहेर अक्कलकोटच्या खाली, कन्नड बोलणारं. रागात आणि मायेत ती कन्नडवर जायची. पहिल्याच आठवड्यात तव्याची कड मनगटाला लागून सिद्धेश्वरी ओरडली, तेव्हा काशम्मा फोडावर लोणी चोळता चोळता म्हणाली, “सुम्मनिरु.” गप्प राहा. “बाईच्या जातीनं सोसायचं असतंय.”

सिद्धेश्वरी शिकली. इतकी शिकली की लेकीच्या, रेश्माच्या वेळी अख्खी रात्र आणि अर्धा दिवस कळा देऊनही तिनं ओठ उघडला नाही. काशम्मा पुढं कित्येक वर्षं ते बोळभर सांगत होती : “माझ्या सुनंनं तोंडातनं आवाज काढला न्हाय! नर्सबाईला वाटलं, झोपली की काय!” सिद्धेश्वरीला आयुष्यात शाबासकी अशी तेवढीच मिळाली होती, आणि ती तिनं जपून ठेवली होती.

म्हणून पाळीच्या वेळी रक्त फार जायला लागलं, पाचाचे दहा दिवस झाले, चादरी पहाटे लपवून धुवाव्या लागल्या, तेव्हाही ती कुणाला बोलली नाही. दोन वर्षं. एका सकाळी भाकरी तव्यावर टाकता टाकता ती तव्याशेजारीच कोसळली. मग सगळं बाहेर आलं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत गाठ दिसली, मोसंबीएवढी.

“गाठ” म्हटल्यावर काशम्मानं देवाला हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ही कॅन्सरची गाठ नाही, फायब्रॉइड आहे, पुष्कळ बायकांना होते. पण रक्त असंच जात राहिलं तर जिवावर बेतेल. पिशवी काढून टाकणं हा एक उपाय आहे, घरी बोलून सांगा. घरी बोलणं झालं ते असं : काशम्मा बोलली, काशम्माच्या दोन बहिणी बोलल्या, पलीकडच्या बोळातली बजाबाई बोलली, फोनवरून नणंद बोलली. तारीख ठरली. ज्या बाईची पिशवी, ती आत भाकऱ्या थापत होती.

सिद्धेश्वरीला पिशवीचं फार कौतुक होतं असं नाही. आणखी मूल तिला नको होतं. पण आपल्या पोटातली वस्तू चार बायकांनी ओसरीवर बसून काढून टाकली आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही, हे तिच्या घशातून खाली उतरेना. तिनं बार्शीला कॉलेजात असलेल्या रेश्माला फोन केला. रेश्माच्या खोलीवर राहणाऱ्या मुलीची थोरली बहीण वैजयंती पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि महिन्याला शंभर भाकऱ्या मागवायची. त्याच वैजयंतीनं सांगितलं : “मावशी, आमच्याकडे असं एक मशीन आहे, न कापता गाठ जाळतं. तुम्हाला चालेल की नाही ते डॉक्टर तपासून सांगतील. पण पिशवी काढायच्या आधी एकदा विचारून तर बघा.”

विचारून तर बघा. तारखेच्या त्या सगळ्या कालव्यात हा शब्द पहिल्यांदा तिच्या कानावर पडला.

*

पुण्याचे डॉक्टर देशमाने वयानं लहान, चष्मा मोठा. तपासणीची चित्रं पडद्यावर लावून त्यांनी गाठ दाखवली. सिद्धेश्वरीनं ती नीट बघून घेतली. दोन वर्षं जिच्याशी झगडत होतो तिचं तोंड एकदा बघायलाच हवं होतं.

“हिला आम्ही आवाजानं जाळणार,” डॉक्टर म्हणाले.

काशम्मा खुर्चीत पुढं सरकली. सून परक्या गावात परक्या हातांत एकटी कशी सोडायची, म्हणून ती भांडणाचा पदर खोचूनच बरोबर आली होती. “आवाजानं कुटं काय जळतंय? मी इतकी वर्सं हिच्यावर आरडतेय.”

डॉक्टर हसले. “हा आवाज कानाला ऐकू येत नाही, आजी. सोनोग्राफीत असतो तसलाच, पण जोरदार. पोटाच्या खालून शेकडो बारीक लहरी वेगवेगळ्या बाजूंनी आत सोडायच्या. एकेक लहर एकटी गेली तर कातडीला, आतड्याला काही होत नाही. पण त्या सगळ्या एकाच ठिकाणी, शेंगदाण्याएवढ्या जागेत मिळाल्या, की तेवढाच भाग तापतो आणि मरतो. असं एकेक ठिकाण करत अख्खी गाठ संपवायची. आणि मशीनचा कॅमेरा आम्हाला क्षणाक्षणाला दाखवतो, कुठं किती ताप चढला.”

सिद्धेश्वरी विचार करत होती. मग म्हणाली, “म्हंजी लग्नघरात हुतंय तसं.”

“कसं?”

“जाव एक बोलली, नणंद एक बोलली, तर सुनंच्या अंगाला लागत न्हाय. कामात विसरून जाती. पर सगळ्याजणी चारी बाजूंनी एकदम एकीलाच बोलाय लागल्या, की ती जळून कोळसा हुती की न्हाय? आनि बाजूला बसलेलीला चटका बी बसत न्हाय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मावशी, हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार.”

“माझं नाव घिऊन सांगा,” ती म्हणाली. काशम्मानं तिच्याकडं तिरकं बघितलं. बोलणाऱ्यांत आपण होतो की नव्हतो, हे तिला विचारायचं असावं.

मग डॉक्टर जरा गंभीर झाले. प्रत्येक गाठीला हा उपाय चालत नाही, म्हणाले. काही बायकांना ऑपरेशनच योग्य असतं. तुमची गाठ बरोबर जागी आहे, पुढं मूल नको आहे, म्हणून तुम्हाला चालेल. गाठ एका दिवसात नाहीशी होणार नाही, महिन्यांनी आक्रसत जाईल. “आणि एक गोष्ट. तीन-चार तास पालथं झोपायचं, हलायचं नाही. पूर्ण भूल देणार नाही, जागं राहावं लागेल. तुमच्या हातात एक बटण असेल. पोटात ऊब वाटेल, पाळीसारखं दुखेल, ते ठीक. पण कातडीला चटका बसला किंवा पायात कळ गेली, तर लगेच बटण दाबायचं. गाठीच्या मागून पायाची नस जाते. ती तापते आहे हे पडद्यावर दिसेलच असं नाही. ते फक्त तुम्हालाच कळणार.”

“ती दाबायची न्हाय,” काशम्मा अभिमानानं म्हणाली. “माझी सून लई सोशीक हाय. बाळंतपणात—”

“आजी, इथं सोसलं तर पाय जाऊ शकतो,” डॉक्टर म्हणाले. “इथं सोसायचं नाही. सांगायचं.”

सिद्धेश्वरीला पहिल्यांदा भीती वाटली. मशीनची नाही. वीस वर्षांत ‘दुखतंय’ हा शब्द ती म्हणालीच नव्हती. तो ऐनवेळी आठवणार कसा?

*

तिच्या अंगात लोहाची इंजेक्शनं गेली, रक्त थोडं चढलं आणि पंचवीस तारीख कुणाच्या लक्षात न येता निघून गेली. पुढच्या महिन्यात सासू-सून पुन्हा पुण्यात. बरोबर चाळीस कडक भाकऱ्या, कारण काशम्माचा दवाखान्यातल्या जेवणावर विश्वास नव्हता.

मशीनच्या खोलीबाहेर वैजयंतीनं हातात परडी धरली. “मावशी, आत मोठा चुंबक आहे. अंगावरचं धातूचं सगळं काढा.”

मंगळसूत्र गेलं, जोडवी गेली, बांगड्या गेल्या. मग वैजयंतीचं बोट तिच्या गळ्यातल्या चांदीच्या करडगीकडं गेलं. “आणि ही डबी.”

सिद्धेश्वरीचा हात तिथंच थांबला. करडगीत तिचं इष्टलिंग होतं. लिंगायत रिवाजानं जन्मल्यावर पाळण्यात असताना गळ्यात बांधलेलं. ते अंगावेगळं करायचं नाही, एवढं तिला बोलता येण्याच्या आधीपासून माहीत होतं. बाळंतपणात काढलं नाही, तव्याशेजारी पडली तेव्हा नाही.

“हे न्हाय जमायचं,” ती म्हणाली.

“मावशी, चांदी आहे ना, आत चालत नाही. मी स्वतः सांभाळीन.”

“तू सांभाळशील ग. पर माझ्या अंगावर न्हाय राहणार की ते.”

आत मशीन तयार, डॉक्टर तयार. इतकं भांडून, इतक्या लांब येऊन, ही वाट एका डबीपाशी बंद होणार असं सिद्धेश्वरीला वाटलं, आणि तिनं मागं वळून बघितलं. काशम्मा बाकावरून उठली होती. परत घेऊन जायला हिला आयतंच कारण मिळालं.

काशम्मा जवळ आली. “पोरी,” ती वैजयंतीला म्हणाली, “चांदी चालत न्हाय. दगूड चालतोय का?”

“दगड? दगडाला काय होतंय. पण तपासावं लागेल.”

“तपास की.”

काशम्मानं करडगी उघडली. आतलं काळं लिंग तळहातावर घेतलं, ते सुनेच्या अंगाला टेकवूनच, क्षणभरही वेगळं न करता. वैजयंतीनं हातातला छोटा चुंबक जवळ नेऊन बघितला. काही ओढलं गेलं नाही. मग काशम्मानं आपल्या पिशवीतून भाकऱ्या बांधलेलं धुतलेलं पांढरं फडकं काढलं, दातांनी कड धरून टर्रकन एक पट्टी फाडली आणि लिंग त्यात गुंडाळून सुनेच्या दंडाला घट्ट बांधलं.

“असं चालतंय व्हय?” सिद्धेश्वरीनं विचारलं.

“चांदी काय देवानं मागितली हुती? आमच्या आज्जीला कुटली चांदी? जल्मभर फडक्यात बांधून शेतात राबली.” तिनं गाठ ओढून बघितली. रिकामी करडगी स्वतःच्या कमरेला खोचली. मग तोंड फिरवून, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली, “बटण दाब बरं का.”

*

पालथं झोपल्यावर पोट एका गार, मऊ गादीवर टेकलं. दाराबाहेर काचेपलीकडं डॉक्टर, त्यांच्या कानावर हेडफोन, तोंडापुढं माईक. सिद्धेश्वरीच्या उजव्या हातात बटण. डावा हात आपोआप हलायला लागला, थाप, थाप, थाप. वैजयंतीनं तो हळूच धरून सरळ केला. “आज सुट्टी त्याला.”

मशीन ठोकायला लागलं. कानात बोळे असूनही हातमागाच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटत होतं. मग पोटाच्या आत, कुठंतरी मधोमध, ऊब आली. जणू कुणीतरी आत गरम भाकरी ठेवली. वीस-तीस सेकंद. मग थंड. मग पुन्हा, थोडी बाजूला.

“ठीक आहे का, मावशी?” डॉक्टरांचा आवाज.

“व्हय.”

एक झाली, दहा झाल्या. ती मनात भाकऱ्या मोजत होती. एक ऊब, एक भाकरी. पाठ अवघडली, मान अवघडली, पाळीसारखं दुखायला लागलं. ते ठीक, असं डॉक्टर म्हणाले होते. विसाव्या भाकरीनंतर कधीतरी कमरेतून एक तार निघाली. बारीक, तापलेली. मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून टाचेत. आणि विझली.

“ठीक आहे का?”

“व्हय,” ती म्हणाली. शब्द तोंडातून निघूनही गेला होता. इतका सवयीचा, की तिनं तो म्हटलाच नव्हता, त्यानं स्वतःच स्वतःला म्हटलं होतं.

पुढची ऊब आली. तार पुन्हा. या वेळी जाड. पायाची बोटं आखडली. सुम्मनिरु, आतून कुणीतरी म्हणालं. थोडंच राहिलंय. एवढी माणसं खोळंबलीत. तुझ्यापायी मशीन थांबवायचं? रेश्माच्या वेळी तू आवाज काढला नव्हतास. बोळभर नाव झालं होतं तुझं.

तिनं दात आवळले. डोळ्यांपुढं काटवट आली, तवा आला, पहाटे लपवून धुतलेल्या चादरी आल्या. दोन वर्षं. सोसलं म्हणून तर गाठ मोसंबीएवढी झाली! पहिल्याच महिन्यात बोलली असती तर ती लिंबाएवढी असताना सापडली असती. ह्या सोसण्यानं दिलं काय? एक शाबासकी. आणि आता ती शाबासकी पाय मागत होती.

तिनं बटण दाबलं.

मशीन थांबलं. इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. आता रागावतील, तिला वाटलं.

“काय झालं, मावशी?”

“दुखतंय,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. तिनं घसा साफ केला आणि अशी ओरडली की काचेपलीकडं डॉक्टरांनी हेडफोन कानापासून दूर केला. “दुखतंय! उजव्या पायात! कमरंपसनं टाचंपतूर तार जाती! मगाशी बी गेलती, मी खोटं बोलले!”

मग स्पीकरमधून डॉक्टर देशमानेंचा आवाज आला, आणि त्यात हसू होतं. “शाब्बास! शाब्बास मावशी! अगदी वेळेवर. हेच पाहिजे होतं मला. आता कोन बदलतो. परत तार गेली तर परत दाबायचं. शंभरदा दाबा.”

पालथ्या पडल्या पडल्या सिद्धेश्वरी रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. “हलू नका, मावशी,” वैजयंती कानाशी म्हणाली. “रडा, पण पोट न हलवता रडा.”

“तसं कसं रडायचं ग?”

“ते मला पण माहीत नाही.”

त्या दुपारी तिनं आणखी दोनदा बटण दाबलं. दोन्ही वेळा मशीन थांबलं, दोन्ही वेळा कोन बदलला, दोन्ही वेळा शाबासकी. शेवटी डॉक्टर आत आले तेव्हा त्यांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. सकाळी उजळ दिसणारी गाठ आता बहुतेक सगळी काळी होती. रक्त पोहोचणं बंद झालं होतं तिला.

“करपली,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“मस्त करपली,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या पायांनी इस्पितळाच्या दारातून बाहेर आली. पोटावर टाका नाही, चीर नाही. काशम्मा तिच्यामागं सामान घेऊन चालत होती आणि रिक्षावाल्याला विनाकारण सांगत होती, “माझ्या सुनंनं तीनदा बटण दाबलं! तीनदा! डॉक्टर म्हणला, शाब्बास!”

*

तीन महिन्यांनी तपासणीत गाठ निम्म्यावर आली होती. पाळी पाच दिवसांवर. रक्तातलं हिमोग्लोबिन अकरावर. बोळात पुन्हा दिवसाला दोनशेची थाप सुरू झाली. फक्त आता मान दुखली की सिद्धेश्वरी हात थांबवून मोठ्यांदा म्हणते, “मान दुखतीया!” आणि गुरुशांत, कामावर निघालेला असला तरी, बूट काढून येतो आणि अर्धा डझन भाकऱ्या कापडाच्या बोळ्यानं दाबून शेकून देतो. वाईट शेकतो. पण शेकतो.

पुण्याचे सगळे कागद, चित्रं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तिनं एका कापडी पिशवीत घातल्या आणि ती पिशवी तव्याच्या वरच्या खुंटीला टांगली. काशम्माकडं बघून टांगली.

परवा पलीकडच्या बोळातली बजाबाई भाकऱ्या न्यायला आली होती. जाता जाता सांगून गेली : सुनेला लई रक्त जातंय, सोमवारी तिची पिशवी काढायची ठरवलीय. ती दाराबाहेर पडली आणि घरात भांडण पेटलं.

“तुमी काय बोलला न्हाय तिला?” सिद्धेश्वरी म्हणाली.

“मी काय बोलू? दुसऱ्याच्या घरातलं.”

“माझ्या वक्ताला बजाबाई आपल्या ओसरीवर बसून बोलली हुती की.”

“तिच्या सुनंची गाठ येगळी असंल. तुझ्यासारकी नसंल.”

“नसंल! ऑपरेशनच लागत असंल तर लागू दे, डॉक्टर सांगतील ते खरं. पर त्या पोरीला कुणी इचारलं का अत्ते? तिला म्हाईत तरी हाय का, की इचारता येतंय?”

“इचारायचं काय त्यात?” काशम्माचा आवाज चढला. “मी चौतीस वर्सांची हुते. सासऱ्यानं तारीख ठरीवली, दिरानं बैलगाडी जुंपली. मला कुणी इचारलं हुतं?”

सिद्धेश्वरीचा थापता हात थांबला. वीस वर्षं एका चुलीशी बसून हे तिला माहीत नव्हतं. उंबऱ्यावरच्या गुरुशांतनंही नाडी सोडली. आईच्या पोटावर ती लांब रेघ कसली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“अत्ते,” सिद्धेश्वरी हळूच म्हणाली, “तवा तुमाला कुणी इचारलं असतं, तर तुमी काय म्हणला असता?”

काशम्मानं तव्यावरच्या भाकरीकडं बघितलं. ती झाली होती. तिनं ती उचलली, दोन्ही हातांनी दाराच्या उजेडाकडं धरली, नीट बघितली आणि टोपलीत ठेवली. मग पदराला हात पुसले. उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. टाचा उंच करून तिनं खुंटीवरची पिशवी काढली, काखेत मारली आणि चपला पायांत सरकवल्या.

“आव्वा?” गुरुशांत म्हणाला. “पिशवी घिऊन कुटं निगालीस? बाजाराला?”

काशम्मानं त्याला ओलांडलं, उंबरा ओलांडला आणि बजाबाईच्या बोळाकडं वळली.